भोंग्यावरचं इंग्रजी

आमच्या दापोडीच्या घरात कुकर होता, पण त्यात अम्मी चिंच भरून ठेवायची. डाळ उघड्या पातेल्यात शिजायची आणि मटण सकाळी चढवलं की दुपारपर्यंत रटरटत राहायचं, कारण कुकरची शिट्टी उस्मानचाचांच्या रेकॉर्डिंगमध्ये घुसायची. फोडणीसुद्धा विचारून द्यावी लागे. "भावजी, टाकू का मोहरी?" असं अम्मी ओट्यापासून ओरडायची आणि आतल्या खोलीतून चाचांचा भरदार आवाज यायचा, "दम धर भाभी, लोकल जाऊ दे." घर रेल्वेलाइनला इतकं चिकटून होतं की गाडी जाताना मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. गाडी गेली की समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर. गिरणी थांबली की कुणाचं तरी पोर रडायला लागायचं. या सगळ्या आवाजांच्या फटीत चाचांना एक वाक्य बसवायचं असायचं, आणि ते बसेपर्यंत अब्बा, अम्मी आणि मी हातात जे असेल ते धरून जागच्या जागी उभे. कांदा कापता कापता सुरी हवेत धरून थांबलेली अम्मी मला अजून दिसते. चेहरा असा, की ती सुरी खाली आली तर कांद्यावरच येईल याची खात्री नाही.

चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. त्यांची एक रिक्षा होती आणि तिच्या टपावर दोन भोंगे. कुणाचा साड्यांचा सेल असो, नवीन मिठाईचं दुकान असो, मोफत डोळेतपासणी असो, चाचा आतल्या खोलीत त्याची जाहिरात बोलून घ्यायचे आणि मग ती लावून पिंपरीपासून भोसरीपर्यंतच्या गल्ल्या पालथ्या घालायचे. त्या खोलीच्या भिंतींना त्यांनी अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवले होते आणि खिडकीला एक जुनी गादी उभी बांधली होती. आत पंखा बंद. उन्हाळ्यात चाचा बाहेर आले की घामाने निथळत असायचे, आणि तरी गळ्यात मफलर. आवाजाला ते फार जपायचे. दही खायचे नाहीत, आंबट खायचे नाहीत, बर्फाकडे तर बघायचेही नाहीत. खिशात कायम ज्येष्ठमधाची कांडी. आमचं मूळ गाव चाकणच्या पलीकडचं, त्यामुळे घरात ते अस्सल गावाकडचं बोलायचे, 'आमी', 'न्हाई', 'व्हय'. पण माइकसमोर बसले की भाषा इस्त्री करून आल्यासारखी यायची. त्यांना त्यांच्या 'ळ'चा विशेष गर्व होता. "मुसलमानाला ळ येत न्हाई म्हनत्यात," असं म्हणून ते छाती पुढे काढायचे आणि खणखणीत आवाजात म्हणून दाखवायचे, "हळदीकुंकवाला नेसण्याजोगी निळी-जांभळी साडी!" गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. चाचांना ते आवडायचं.

ते खरं बोलायचे असं मी म्हणणार नाही. एका धुण्यात विरणाऱ्या साड्यांनाही त्यांनी 'लाजवाब' म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. पण कुठल्या वस्तूला कुठला शब्द द्यायचा यावर ते हटून बसायचे. एकदा प्लॅस्टिकच्या बादल्या विकणाऱ्याने 'बेमिसाल' हा शब्द मागितला. चाचा म्हणाले, "बादलीला बेमिसाल म्हनलं तर उद्या अत्तरवाल्याला काय देऊ?" बादलीला 'टिकाऊ' मिळालं आणि बादलीवाला रुसून गेला. शिवाय कौतुकाच्या शब्दाआधी ते थोडं थांबायचे. "या, बघा, हात लावून बघा..." आणि मग अगदी खालच्या सुरात, "टिकाऊ आहे." त्या थांबण्यात गल्लीतली बाई हात पुसत दारात येऊन उभी राहायची.

मी तेव्हा आकुर्डीच्या कॉलेजात बी.कॉम. करत होते. शाळा मराठी झाली होती. इंग्रजी म्हणजे पाठ करायचं, पेपरात उतरवायचं आणि विसरायचं. पण घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच, म्हणून घरात येणारं सगळं इंग्रजी माझ्या गळ्यात पडायचं. अब्बांचं रिक्षांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. तिथे येणाऱ्या बॅटरीच्या खोक्यांवर काय लिहिलंय ते मी वाचायचं, अम्मीच्या औषधांवर काय लिहिलंय ते मी वाचायचं. आणि मग एक दिवस मंदारसर आले.

मंदारसर चिंचवडच्या एका जाहिरात एजन्सीत होते. तिशीचे, अंगाने बारीक, सतत घाईत, चहा गरम असतानाच संपवणारे. चाकणजवळ एक मोठी टाउनशिप उभी राहत होती. तिची जाहिरात वर्षभर त्या पट्ट्यात फिरवायची होती आणि ते काम त्यांनी चाचांना दिलं. वर्षभराचं काम आमच्या घरात पहिल्यांदाच येत होतं. अब्बा केव्हापासून चाचांच्या मागे लागले होते, की हे ओरडत फिरणं सोड आणि माझ्याबरोबर गॅरेजला बस. त्या दिवशी चाचांनी कोपऱ्यावरून बालुशाही आणली आणि पहिली अब्बांच्या तोंडात कोंबली. "आता बोला," म्हणाले. अब्बांना बोलता येईना, तोंड भरलेलं. अम्मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी मजकूर आला आणि माझं हसू तिथेच संपलं. सगळा मजकूर इंग्रजी. मराठी म्हणाल तर शेवटी 'आजच भेट द्या' एवढंच.

"सर, हे गावात कुणाला कळणार?" मी विचारलं.

"कळायला कशाला हवंय? फील आला पाहिजे," मंदारसर म्हणाले. "एक्सक्लूसिव्ह. प्रीमियम. ऑप्युलंट. लोकांना वाटलं पाहिजे, की काहीतरी जबरदस्त आहे आणि आपण मागे राहतोय."

चाचांना मात्र कळल्याशिवाय एक शब्द तोंडातून काढायचा नव्हता. मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन जाडजूड शब्दकोश उघडून बसले. 'एक्सक्लूसिव्ह'समोर लिहिलं होतं, वगळणारा. 'प्रीमियम' म्हणजे विम्याचा हप्ता. घरी येऊन चाचांना सांगितलं, तर ते ज्येष्ठमध चघळता चघळता थांबले.

"वगळणारं घर? कुनाला वगळनारं?"

"बाकीच्यांना."

"मंग बाकीच्यांच्याच गल्लीत भोंगा कशापायी फिरवायचा?"

"चाचा, तुम्ही नुसतं म्हणा ना!"

"म्हनतो की. पर आपन काय म्हनतोय ते आपल्याला कळाया नगं?"

मी पाय आपटत उठले. राग चाचांचा नव्हता, शब्दकोशाचाही नव्हता. मला त्या भाषेचं दारच सापडत नव्हतं, आणि सगळे मात्र मी आतच राहते असं समजून मला विचारत होते.

पुढच्या काही दिवसांत मंदारसरांनी माझं शिक्षण हाती घेतलं. ते मनाने वाईट नव्हते. समजावून सांगायचे, पण समजावतानाही घाईत असायचे. माल येण्याआधीच त्याचा गवगवा करायचा तो हाइप. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं की रेव्ह. बोलता बोलता मध्येच मालाचं नाव घुसवलं की प्लग. माझ्या घरात प्लग म्हणजे भिंतीतला, नाहीतर अब्बांच्या काळ्या बोटांत धरलेला स्पार्क प्लग. त्यामुळे तो शब्द ऐकला की मला जाहिरातीऐवजी ग्रीसचा वास यायचा. मग पुश, मग पिच. चाचा करतात ते हळुवार, सॉफ्ट सेल, आणि आपल्याला हवंय रेटून विकणं, हार्ड सेल. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, नुसतं ढकलायला यांच्याकडे इतके शब्द? आता माझी मुलगी मार्केटिंग शिकते. हेच शब्द तिच्या पुस्तकात धडे होऊन आले आहेत आणि ती ते पाणी प्यावं तसे वापरते. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण ती एखाद्या भाजीला 'अमेझिंग' म्हणाली की माझा घास अजून हातातच थांबतो.

रेकॉर्डिंगला मंदारसर स्वतः आले. अंड्यांच्या ट्रेच्या त्या खोलीत आम्ही तिघं, पंखा बंद, बाहेर अम्मीची डाळ अर्धवट शिजलेली. सुरुवातच 'हरी! हरी!' अशी होती. घाई करा, घाई करा. चाचांनी ते आपल्या सवयीने धीरगंभीर लावलं, मध्ये थांबून. "हरी... हरी..." अम्मीने दारातून डोकं घातलं. "भावजी, भजन सुरू केलंत की काय?" मंदारसर हसले नाहीत.

"ऑसम, चाचा! एकदम ऑसम. एकदा परत घेऊ."

परत घेतलं. परत ऑसम. परत एकदा. लोकल गेली, मालगाडी गेली, गिरणी सुरू होऊन बंद झाली. चाचांच्या कानशिलांवरून घाम मफलरमध्ये उतरत होता. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, "ऑसम म्हंजे चांगलंच ना गं?"

"हो."

"मंग परत कशाला?"

त्याचं उत्तर मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मंदारसरांचा 'ऑसम' म्हणजे जमलं नाही. 'नाइस' म्हणजे त्याहून वाईट. आणि ते 'इंटरेस्टिंग' म्हणाले की समजायचं, आता चप्पल घालून निघावं. आमच्या घरात वाईटाला वाईट म्हणायचे आणि चांगल्याला काहीच म्हणायचे नाहीत, जेवण आवडलं की दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, बस. त्यामुळे तोंडावर कौतुक करून माणसाला पुन्हा पुन्हा कामाला जुंपता येतं हे आम्हाला नवीन होतं.

"चाचा, पॉज नको," मंदारसर सांगत होते. "तुम्ही पॉज घेता. पॉज घेतला की माणूस विचार करतो. विचार केला की गेला!"

चाचांनी प्रयत्न केला. खरंच केला. पण त्यांची जीभ त्या शब्दांवर अडखळायची, आणि अडखळली की सवयीने थांबायची. 'लिव्ह द एक्सक्लूसिव्ह लाइफस्टाइल यू डिझर्व्ह' हे वाक्य तर काही केल्या सरळ येईना. म्हणून मी शेजारी बसून ते आधी म्हणून दाखवत होते, कॉलेजात कविता पाठ म्हणावी तसं, न थांबता, कारण अर्थच नीट उमगत नव्हता तर थांबायचं कुठे? मंदारसरांनी मान वर केली. "रेहाना, तूच बोल ना."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी कानावरचा हेडफोन काढला, मफलरच्या टोकाने पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "बोल," म्हणाले. "तोंड माइकला लय जवळ नको नेऊ."

मंदारसरांनी मला हसत बोलायला लावलं. हसू आवाजात दिसतं, म्हणाले. मी त्या भट्टीसारख्या खोलीत दात काढून ओरडले, की घाई करा, ऑफर संपत आली आहे, तुमच्या जगण्याचा दर्जा वगैरे. दुसऱ्याच खेपेला ते म्हणाले, "डन." ऑसम नाही, डन. चाचा उठून बाहेर गेले आणि अम्मीला म्हणाले, "आता दे फोडनी."

अब्बांना ते आवडलं नाही. "गल्लीगल्लीतून पोरीचा आवाज फिरवनार?" असं त्यांनी जेवताना विचारलं. अम्मी भाकरी वाढत म्हणाली, "नाव थोडंच घेतोय भोंगा." ज्वारीची भाकरी आणि मेथी-खिमा होता, चाचांचा आवडता. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

मग ते सुरू झालं. रिक्षा चाचांची, भोंगे चाचांचे, आवाज माझा. दापोडी, फुगेवाडी, भोसरी, मोशी. ज्या गल्ल्यांमध्ये चाचा आले की बायका दारात यायच्या, तिथून आता ते माझा कर्कश्श आवाज लावून मुकाट्याने रिक्षा चालवत जायचे. पोरं मागे पळायची, 'हरी हरी' करत. दारात कुणी येत नव्हतं. खिडक्या मात्र बंद होत होत्या. कॉलेजला जाताना एकदा मी स्वतःचा आवाज लांबून ऐकला आणि पटकन आडगल्लीत शिरले. चाचांनी मफलर बांधणं बंद केलं. गळ्याला काही कामच उरलं नव्हतं. मी विचारायचे, "चाचा, सांगू का मंदारसरांना, थोडं मराठी घाला म्हणून?" ते म्हणायचे, "त्यांना पाहिजे ते त्यांनी घेतलं. तू कॉलेज बघ." आणि मी चिडायचे. कारण ते भांडले असते तर मला त्यांची बाजू घेता आली असती.

आमच्या मूळ गावच्या बाजाराच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. टाउनशिप गावाला लागूनच होती, त्यामुळे तिथे रिक्षा उभी करून जाहिरात लावायची असं ठरलेलं होतं. आमच्या गावच्या बऱ्याच जमिनी तोवर कंपन्यांकडे गेलेल्या. शेताच्या जागी गेटं आली होती, गेटावर बाहेरगावचे वॉचमन आले होते. बाजार मात्र तसाच भरायचा. मिरच्यांचे ढीग, सुक्या बोंबलांचा वास, भेळवाल्याच्या चमच्याचा आवाज. चाचांना सगळे ओळखत होते. बाळूनानांनी लांबूनच हात केला. नाना म्हणजे गावातले जुने शेतकरी. त्यांच्याच विहिरीत चाचा लहानपणी पोहायला शिकले होते. चाचा दिसले की नाना दर वेळी म्हणायचे, "उस्मान, बोलून दाखव की काहीतरी."

चाचांनी भोंगा लावला आणि माझा आवाज मिरच्यांच्या ढिगांवरून निघाला. लोकांनी दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग भाजी विकणारी सखूमावशी तराजू खाली ठेवून म्हणाली, "उस्मान, काय म्हनती रं ही बया?"

"माझी पुतनी हाय ती," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही तेच आठवतं. "कॉलेजात हाय. तीच सांगंल." त्यांनी जाहिरात बंद केली, माइक सुरू केला आणि माझ्या हातात दिला.

मी रिक्षातून उतरून उभी राहिले. समोर पन्नासेक चेहरे, बरेचसे ओळखीचे. घरं आहेत, मोठी आहेत, बाग आहे, एवढं सांगितलं. सगळे ऐकत होते. मग ते वाक्य आलं. मला वाटलं, हे मुख्य वाक्य, हे सोडून कसं चालेल? 'डिझर्व्ह'चा अर्थ मी शब्दकोशात पाहिला होता. लायक असणे. मी मंदारसरांनी शिकवल्याप्रमाणे हसत हसत, एका दमात म्हणाले, "आणि इथे तुम्हाला तुमच्या लायकीचं घर मिळणार आहे!"

बाजार गप्प झाला. भेळवाल्याचा चमचासुद्धा.

"काय म्हनली?" नाना पुढे आले. "लायकी? कुनाची लायकी काढतीस गं?"

"नाही नाना, तसं नाही..."

"माझ्या पोराला कंपनीच्या गेटावर ह्येच सांगितलं व्हतं. आमच्याच रानात बांधलेलं गेट. लायकी न्हाई म्हनून हाकलला त्याला. आता घराची बी लायकी काढाया आलीस व्हय?"

चाचा रिक्षातून उडी मारून आले. "नाना, पोर हाय, चुकली." मग माझ्याकडे वळून, "इंग्रजीत काय हाय ते?"

"यू डिझर्व्ह."

"म्हंजे?"

"म्हणजे... लायक असणं!"

माइक माझ्या तोंडासमोर सुरूच होता. 'लायक असणं' दोन्ही भोंग्यांतून बाजारभर गेलं, शाळेच्या भिंतीवर आपटून परत आलं. आता लोक हसायला लागले. ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं. काही पोरांनी मोबाइल वर धरले. "भावा, परत लाव की लायकीवालं!" कुणीतरी ओरडलं. चाचांनी माइकची वायरच उपटली. ते नानांकडे गेले, त्यांचा हात हातात घेतला. नानांनी हात सोडवून घेतला. "तू बोलला असता तर कळलं तरी असतं," ते म्हणाले. "ह्ये काय लावलंयस?"

"आता ह्येच मागत्यात, नाना."

नाना मिरचीच्या ढिगांमधून निघून गेले.

परत येताना आम्ही मोशीला पोहोचलो. तिथे कंटेनरच्या रांगेत अडकलो. रिक्षा बंद करून चाचा समोर बघत म्हणाले, "तुला कळत नव्हतं तर म्हनली कशाला?"

"तुम्हीच माइक दिलात!"

"मला वाटलं तुला येतंय."

"मला येत नाही! मला यातलं काहीही येत नाही! एक्सक्लूसिव्ह येत नाही, डिझर्व्ह येत नाही. तुम्ही सगळे मला विचारत बसता आणि मी कुणाला विचारू?" मी रडत होते आणि रडते म्हणून आणखी चिडत होते. शेजारच्या कंटेनरच्या क्लीनरने खिडकीतून डोकावून पाहिलं. चाचांनी खिशातली ज्येष्ठमधाची कांडी काढून मागे माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला, मग रांग हलली आणि त्यांना गिअर टाकावा लागला.

पोरांनी काढलेला व्हिडिओ टाउनशिपच्या ऑफिसपर्यंत पोहोचला. मंदारसरांचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. "मी क्लायंटकडे तुमचं किती प्लगिंग केलं होतं, रेहाना! काय तोंड दाखवू?" काम गेलं. एका रविवारी चाचांनी स्वतःच टपावर चढून भोंगे उतरवले आणि अब्बांनी खालची वायरिंग काढून घेतली. चाचा आकुर्डी स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा लावू लागले. मी कॉलेजमधून येताना तो आवाज ऐकायचे. "चिखली, चिखली! निगडी!" नुसती नावं. कौतुक करण्यासारखं काही नाही, थांबायला जागा नाही. तरी लोक वळून बघायचे. ते नानांकडे एकदा जाऊन आले. नानांनी बसायला सांगितलं, चहा दिला. बोलून दाखव, असं मात्र म्हणाले नाहीत.

अंड्यांचे ट्रे भिंतीवर तसेच राहिले. अम्मीने कुकर घासून काढला. पहिल्यांदा त्याची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही सगळेच दचकलो आणि कुणीच हसलं नाही.

माझं शेवटचं वर्ष संपलं तेव्हा मंदारसरांचा पुन्हा फोन आला. टाउनशिपवाल्यांना आता मराठी जाहिरात हवी होती आणि ती लिहायला एजन्सीत माणूस हवं होतं. "काय लिहायचं नाही ते तुझ्याइतकं कुणाला माहितीये?" ते हसत म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, मला ठरवता आलं नाही, पण नोकरी खरी होती. मला वाटलं होतं चाचा रागावतील. ते रिक्षा पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "जा. पर तिथं कुनी विचारलं, ह्याचं मराठीत काय, तर लगीच सांगू नको. येळ माग."

पहिल्याच दिवशी मंदारसरांनी तेच वाक्य माझ्यासमोर ठेवलं. तुम्ही डिझर्व्ह करता ते घर. "मराठीत?"

"वेळ लागेल, सर."

"एका ओळीला वेळ?"

मी खरंच बसून राहिले. 'हक्काचं' लिहिलं, पण रान गेलेल्या नानांच्या पोराला हे कोणत्या हक्काने सांगणार, म्हणून खोडलं. 'शोभेल असं' लिहिलं. कुणाला शोभत नाही ते आपण ठरवतोय असं वाटून तेही खोडलं. चहा आला, थंड झाला. मंदारसर दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या हातून कीबोर्ड ओढून घेतला आणि उभ्या उभ्या टाइप केलं, 'तुमच्या स्वप्नातलं घर'. क्लायंटला दाखवलं. क्लायंटने तिथल्या तिथे मंजूर केलं. मी दिवसभर खपले होते आणि ते काम त्यांनी खुर्चीवर न बसता केलं होतं. संतापाने माझे कान गरम झाले, पण माझ्याकडे दुसरी ओळ नव्हती. एवढी वर्षं या धंद्यात काढून ती अजूनही माझ्याकडे नाही.

नाशिक फाट्याला त्याचं मोठं होर्डिंग लागलं. हसणारा नवरा, हसणारी बायको, हसणारं पोर, आणि मोठ्या अक्षरांत ती ओळ. एका संध्याकाळी चाचांना कासारवाडीचं भाडं मिळालं होतं, ते उतरवून ते मला ऑफिसातून घ्यायला आले. सिग्नलला आम्ही बरोबर त्या होर्डिंगखाली थांबलो. चाचांनी मान बाहेर काढून वर पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो माइकसमोरचा आवाज निघाला, सावकाश, शब्दाशब्दाला थांबत. "तुमच्या... स्वप्नातलं... घर." बाजूचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

"तू लिव्हलंस?"

"नाही."

"मंग तू काय लिव्हलंस?"

"अजून काहीच नाही, चाचा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. पण सिग्नल सुटला होता आणि आम्ही हललो नव्हतो, म्हणून मागच्या बसवाल्याने कान फाटेपर्यंत हॉर्न दाबला. चाचा अर्धे बाहेर वाकले आणि त्याला अस्सल चाकणच्या मराठीत, एका दमात, कुठेही न थांबता जे काही बोलले, त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मला कुणाला समजावून सांगावा लागला नसता.